दोन विमानतळांचं शहर

बँकॉकला दोन विमानतळ आहेत हे कळलं त्याच दिवशी माझी झोप उडाली. नवरा हसला. त्याला हसायला काय जातं? पाहुण्यांचे फोन मी घेते.

आमचं घर केरीला, समुद्राच्या अलीकडे माडांत. मागच्या बाजूला तीन खोल्या बांधून आम्ही त्या पर्यटकांना देतो. मोपाचा विमानतळ आमच्याच पेडणे तालुक्यात झाला आणि गोव्यातही दोन विमानतळ झाले. पाहुणा तिकीट काढताना 'गोवा' एवढंच बघतो. मोपाला उतरला तर बघता बघता आमच्या अंगणात येतो. दाबोळीला उतरला तर अर्धा गोवा ओलांडून यावं लागतं. एकदा एक बाई तान्हं मूल घेऊन दाबोळीच्या दारात उभी होती आणि आमचा टॅक्सीवाला मोपाच्या दारात. दोघंही मला फोनवर सांगत होते, "मी गेटसमोरच उभा आहे," "मी गेटसमोरच उभी आहे." शेवटी त्या बाईचा आवाज फाटला. मूल रडत होतं आणि तीही. तो आवाज माझ्या कानांतून गेला नव्हता.

म्हणून मी एकच गोष्ट धरून बसले होते. कुठल्याही विमानतळावर उतरू, पण सगळे एकाच ठिकाणी उतरू.

सगळे म्हणजे चौघं. मी, नवरा, माझी आई आणि माझा धाकटा भाऊ. आई डिचोलीची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, ती घरी एकटीच असते, पण पावसाळ्यात भाऊ तिला पुण्याला घेऊन जातो. तिच्या शेजारच्या बाई मुलीबरोबर बँकॉकला जाऊन आल्या आणि त्यांनी सोन्याच्या बुद्धाचे फोटो दाखवले. तेव्हापासून आईने धोशा लावला होता. "मराच्या आधी एकदा परदेश बघूचो आसा माका." चतुर्थी आटोपल्यावर आणि पर्यटकांचा मोसम सुरू व्हायच्या आधी आम्हाला थोडी उसंत असते, त्यात जायचं ठरलं. आम्ही दोघं मोपाहून बेंगळुरूमार्गे जाणार, आई आणि भाऊ मुंबईहून, आणि भेटायचं तिथे.

मी फोनवर नकाशा मोठा करून करून बघितला. शहराच्या उत्तरेला जुना विमानतळ, डॉन मुआंग. पूर्वेला नवा, सुवर्णभूमी. मधे सगळं शहर. जुना लहान, म्हाताऱ्या माणसाला चालायला कमी. नवा अवाढव्य, पण आमचं बेंगळुरूचं विमान तिथेच जात होतं.

"नावातच दोन आहे," नवरा म्हणाला. "म्हणजे तो दोन नंबरचा. आपण एक नंबरच्याला जाऊया."

मला थट्टा सुचत नव्हती. मी सुवर्णभूमी ठरवला. भावालाही बजावलं, दोनदा. त्याला तिथलं विमान मिळालं, फक्त मधे कोलकात्याला बदलावं लागणार होतं. माझ्या जिवाला जरा स्वस्थता आली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला, मी बॅगेत कपडे भरत होते आणि भावाचा फोन आला. जिन्यावरून पाय घसरून त्याचा घोटा मोडला होता. तो हॉस्पिटलातून बोलत होता, आई त्याच्याजवळच होती.

"मग आईचं?" मी म्हटलं. "राहू दे. रद्द कर."

तेवढ्यात आईने त्याच्या हातून फोन घेतला. "रद्द कित्याक? मी येतंय एकटी. बसवणारे बसवतत, उतरवणारे उतरवतत. विमान काय माका चालवूचा आसा?"

मी तिला खूप समजावलं. ती ऐकायला तयार नव्हती. नवी हिरवी नऊवारी घेतली होती, गुळाचं खाजं बांधून ठेवलं होतं, शेजारच्यांना सांगून झालं होतं. दुपारी भावाचा परत फोन आला. आवाज जड होता, औषधांचा असणार.

"ताई, आईचं तिकीट बदललं. कोलकात्याला तिला एकटीला कसं जमणार? मुंबईहून थेट विमान मिळालं. मधे कुठे उतरायलाच नको. व्हीलचेअरपण सांगितली आहे. तुझी भावजय तिला मुंबईला नेऊन बसवेल."

"सुवर्णभूमीच ना?"

"बँकॉकच गं, ताई."

मागे कुणीतरी त्याला एक्स-रेसाठी पाय सरळ करायला सांगत होतं. तो कळवळला. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही निघालो आणि सुवर्णभूमीवर उतरलो तेव्हा सकाळ होती. सगळं चकचकीत, माणसांचा पूर, पण पाट्या वाचत वाचत आम्ही नीट बाहेर आलो. आईचं विमान यायला थोडा वेळ होता. येणाऱ्या विमानांच्या फलकासमोर मी उभी राहिले. फलकावरची अक्षरं आधी त्यांच्या भाषेत यायची, मग इंग्रजीत. मुंबईचं एक विमान होतं, पण त्याचा नंबर वेगळा होता आणि ते संध्याकाळचं होतं.

"येईल खाली," नवरा म्हणाला. "ओळी वर सरकतायत बघ."

ओळी सरकत राहिल्या. दिल्ली आली, ढाका आलं, कुठली कुठली नावं आली. आईचं विमान आलं नाही. उशीर झालेल्यांत नव्हतं, रद्द झालेल्यांत नव्हतं. त्या फलकावर ते नव्हतंच. मनात जे आलं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

चौकशीच्या काउंटरवर एक मुलगी होती. भावाने फोनवर पाठवलेलं आईचं तिकीट, ज्यातला नंबर आणि वेळ सोडून मी काही वाचलं नव्हतं, ते मी तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं आणि मान हलवली. "डॉन मुआंग," ती म्हणाली. मला कळलं नाही असं वाटून तिने परत सांगितलं, "डॉन मुआंग," आणि काचेखालच्या नकाशावर एका टोकाला बोट ठेवलं. मग दुसरं बोट दुसऱ्या टोकाला. आम्ही इथे आणि आई तिथे.

"किती वाजता उतरलं?" नवऱ्याने इंग्रजीत विचारलं.

ते उतरलं होतं. आम्ही फलकाकडे बघत उभे होतो तेव्हाच उतरलं होतं.

मी आईला फोन लावला. तिचा मोठ्या बटणांचा फोन. एक बाई परक्या भाषेत काहीतरी सांगत राहिली. परत लावला, परत तीच बाई. भावाला लावला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी काय करून बसलो?" आणि रडायला लागला. मी फोन बंद केला. त्या क्षणी मला त्याचं रडणं ऐकवेना.

आई पणजीच्या बसस्टँडवरसुद्धा माझ्या ओढणीचं टोक धरून चालते. तिला मराठी येते, कोकणी येते, आणि जुन्या घराघरांतले पोर्तुगीज शब्द येतात, तेही खुर्चीला कदेल आणि खिडकीला जनेल म्हणण्यापुरते. इंग्रजी 'थँक्यू' सोडून काही नाही. शिवाय मधुमेह. घाबरली की ती खात नाही, पाणी पीत नाही, बोलतही नाही. आत आत जाते. आणि दारात आपलं माणूस दिसलं नाही आणि कुणी "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत पुढे आला तर ती भिडेखातर त्याच्या मागून जाईलसुद्धा. नाही म्हणायला तिला कधी जमलेलं नाही.

"चल, दोघं जाऊया," नवरा बॅगा उचलत म्हणाला.

"आणि ती इथे आली तर? तिथल्या कुणाला दया येऊन त्याने तिला इकडे पाठवली तर? इथेही कुणी नसेल तर?"

"अगो, पण तुला एकटीला..."

"तू इथून हलू नको. दारासमोरून हलू नको. लघवीलासुद्धा जाऊ नको."

त्याने बॅगा परत खाली ठेवल्या. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. खिशातल्या तिथल्या नोटा काढून त्याने माझ्या हातात कोंबल्या. मी मागे वळून बघितलं तेव्हा बॅगांच्या मधे उभा असलेला तो खूप लहान दिसला.

टॅक्सीवाला वयस्क होता. "डॉन मुआंग," मी म्हटलं, आणि का कुणास ठाऊक, "मदर, मदर," असंही म्हटलं. त्याने आरशातून बघितलं आणि गाडी सोडली. उड्डाणपुलावर चढलो आणि पाऊस कोसळायला लागला. आमच्याकडे पाऊस कसा असतो ते मला माहीत आहे, पण हा पाऊस मला वैऱ्यासारखा वाटला. पुढची गाडी दिसेना. मग सगळ्याच गाड्या थांबल्या. उजवीकडे डावीकडे काचेच्या इमारती, कुठेच वाचता येईल असं अक्षर नाही. फोनमधल्या नकाशावर माझा निळा ठिपका जागच्या जागी. बॅटरी लाल झाली होती. मी फोन बंद केला, मग भीती वाटून परत चालू केला.

गाडी परत निघाली आणि एका फाट्यावर नकाशा सरळ दाखवत असताना त्याने डावीकडे वळवली. "डॉन मुआंग?" मी ओरडले. तो काहीतरी बोलला, बराच वेळ बोलला, हाताने पाणी दाखवल्यासारखं केलं. रस्त्यावर पाणी भरलं असेल, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, आता मीसुद्धा हरवले. आईला शोधायला निघालेली मी कुठे आहे हे आता कुणालाच माहीत नाही. दाराच्या कडीवर मी हात ठेवून बसले. गाडी हळू झाली तर उडी टाकायची, असंसुद्धा मनात येऊन गेलं. मी आईला हाका मारत होते की देवाला, ते आठवत नाही. ओठ हलत होते एवढं आठवतं.

पुढे एका मोठ्या इमारतीसमोर त्याने गाडी थांबवली. "इंटर?" त्याने विचारलं. आंतरराष्ट्रीय बाजू म्हणायची होती त्याला. मी मान हलवली, हातातल्या नोटा त्याच्या हातात दिल्या आणि धावले.

आतल्या दालनात बाहेर येणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. कठड्याशी दोन-चार माणसं नावांच्या पाट्या धरून उभी होती. आई नव्हती. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. खाण्याच्या दुकानात नव्हती. बायकांच्या शौचालयात प्रत्येक दार ठोठावलं. बाहेर टॅक्सीच्या रांगेत बघितलं, तिथे नव्हती. एके ठिकाणी व्हीलचेअर ओळीने लावून ठेवल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. म्हणजे तिला उतरवून खुर्ची परत आणून लावली. मग ती कुठे गेली?

तिथल्या माणसाला मी फोनमधला आईचा फोटो दाखवला. चतुर्थीचा, केसांत अबोलीचा वळेसर, हसताना. त्याने वॉकीटॉकीवर विचारलं, पलीकडून काहीतरी उत्तर आलं, त्याने मान हलवली. मग आईचं नाव विचारून घेतलं. थोड्या वेळाने छताखालून एक आवाज घुमला. त्यात आईचं नाव होतं म्हणे. मलाच ते ओळखू आलं नाही, तिला काय येणार?

हिरव्या साडीतली एक म्हातारी पाठमोरी दिसली. मी धावत जाऊन तिचा खांदा धरला. तिने वळून बघितलं, ती दुसरीच कुणीतरी होती. माझा चेहरा बघून ती इतकी दचकली की तिच्या हातातली पिशवी पडली. मी ती उचलूनसुद्धा दिली नाही.

त्यानंतर मी ओरडले. तेरेखोलच्या नदीवर पलीकडच्या होडीवाल्याला आमच्याकडे जशी हाक मारतात तशी, पोटातून.

"आये! आये गो!"

सगळं दालन थबकलं. बॅगा ओढणारे थांबले. एक सुरक्षारक्षक माझ्याकडे चालत यायला लागला. मी त्याच्याकडे न बघता परत ओरडले. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता.

पैसे बदलून देणाऱ्या काउंटरांच्या पलीकडे एक जाड खांब होता. त्याच्यामागून बारीक आवाज आला.

"हंय आसंय गो!"

खांबामागे आई व्हीलचेअरवर बसली होती. तिच्याशेजारी गणवेशातली एक तरुण मुलगी जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. तिचं मनगट आईने दोन्ही हातांनी धरलं होतं. सोडलं नव्हतं म्हणून ती मुलगी तिथून जाऊ शकली नव्हती, कुणाला बोलावूही शकली नव्हती. तिचा वॉकीटॉकी खुर्चीपासून दूर भिंतीशी पडला होता. आईचे ओठ सुकून पांढरे झाले होते. नवी नऊवारी खाली भिजली होती. शौचालयाला जायचं तर हात सोडावा लागला असता.

मी तिच्यापुढे बसले. तिने माझ्याकडे बघितलं. मुलीचं मनगट सोडून तिने माझे कान चाचपले, मग मान, खांदे, दंड, बोटं. आंधळं माणूस चाचपतं तसं. मग म्हणाली, "इलंस?"

"इलंय गो."

"जावय?"

"तो बरो आसा. तिकडे थांबलो आसा."

तिने डोळे मिटून घेतले. त्या मुलीच्या मनगटावर आईच्या बोटांचे लाल वळ होते. मी हात जोडले. तिनेही हात जोडले, हसली, आणि हात झटकत झटकत निघून गेली. तिला मी काहीतरी द्यायला हवं होतं, निदान नाव विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

माझी ओढणी आईच्या कमरेभोवती गुंडाळून मी तिला शौचालयात नेलं, धुतलं, तिच्या बॅगेतली साधी साडी नेसवली. तिला शरम वाटत होती. मी कोकणी-मराठीत काहीबाही बडबडत राहिले, त्या चाकांच्या कदेलीबद्दल, पावसाबद्दल, कशाबद्दलही. बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला. "मिळाली," एवढंच म्हटलं. पलीकडून बॅगांची चाकं ओढल्याचा आवाज आला.

तो बॅगा घेऊन आला तेव्हा दुपार कलली होती. आईने त्याचंही तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं. जावयाशी ती इतकी वर्षं पदर सावरून बोलत आलेली. तो भांबावून उभाच राहिला. मग तिने पिशवीतलं खाजं काढलं आणि एकामागून एक खाल्लं. मधुमेहाची आठवण मी तिला करून दिली नाही.

आम्ही राहिलो. परत फिरावं असं मला वाटत होतं, पण आईला बुद्ध बघायचा होता. एका देवळातला लांबच लांब आडवा बुद्ध बघून ती म्हणाली, "एवढो मोठो देव आणि निजलेलो!" नदीतल्या बोटीत बसली, नारळपाणी प्यायली, आमच्या पार्से गावच्या शहाळ्याची सर नाही म्हणाली. ती खूश होती. मला मात्र त्या सुट्टीतलं फारसं काही दिसलं नाही. मी आईकडे बघत होते. गर्दी दिसली की तिचं कोपर धरत होते. शेवटी ती वैतागली. "माका काय ल्हान भुरगा समाजतंस?" तरी मी सोडलं नाही. परतीचं तिचं तिकीट त्या दुसऱ्या विमानतळावरून मुंबईचं होतं. ते आम्ही सोडून दिलं आणि तिला आमच्याच विमानात, आमच्या दोघांच्या मधल्या सीटवर बसवून मोपाला आणलं.

भावाला तिने त्यातलं काही सांगितलं नाही. "सगळा बरा झाला," एवढंच. तो मात्र अजून विषय निघाला की उठून आत जातो.

उन्हाळ्यात मी डिचोलीला तिच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात आम्ही दोघी रातांबे फोडत बसलो होतो, कोकमाची सोलं सुकवायची होती. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मी काही विचारलं नव्हतं. तीच मान खाली घालून बोलायला लागली.

"त्या दिवसा माका वाटला, तुमचा विमान पडला."

माझ्या हातातला रातांबा तसाच राहिला.

"उतरताना इजो चमकत होत्यो. भायर इलंय तर तुम्ही नाय. तू कधी उशीर करूचंस नाय. तू नाय म्हणजे तू या जगातच नाय, असा वाटला माका."

"आणि त्या पोरीचा हात?"

"ती सारखी उठाक बघी होती. कोणाक तरी विचारूक जायत, असा दाखवी होती." आईने बिया काढून बाजूला टाकल्या. "मी सोडूक नाय. ती गेली असती तर बातमी घेवन इली असती. नाय गेली तर बातमी नाय. तू इलंस तेव्हा पयलां बघलंय, तू धड आसंस की नाय."

मला वाटत आलं होतं, ती स्वतःसाठी घाबरली होती. अनोळखी देश, अनोळखी भाषा, हरवण्याची भीती. त्या खांबामागे बसून ती आपल्या मुलीच्या मरणाची वाट अडवून बसली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी हातातला रातांबा फोडला, बिया काढल्या, साल परातीत टाकली.

आईने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. सोलांनी भरलेली परात तिने माझ्याकडे सरकवली.

"जा, अंगणात घालून ये. ऊन गेला तर बुरशी धरतली."